मुंबई ते न्यूयॉर्क : साडेबारा हजार किलोमीटरचा हिशेब

‘किती तास लागतात हो?’ न्यूयॉर्कला निघालेल्या माणसाला घरचे, शेजारचे, वॉचमनपासून डॉक्टरांपर्यंत सगळे हाच प्रश्न विचारतात. उत्तर मात्र दर वेळी निराळं ऐकू येतं. कुणी चौदा तास सांगतं, कुणी सोळा, कुणी बावीस. एखादी मावशी ‘आम्हाला तर सव्वीस लागले’ म्हणून हात टेकते. दोन्ही शहरं जागच्या जागी आहेत, विमानं जवळपास एकाच वेगाची आहेत, मग तासांमध्ये एवढी तफावत कशी? संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘लांबचा पल्ला’ हा विषय दिला तेव्हा मी हाच प्रश्न घेऊन बाहेर पडले. सहारच्या टर्मिनलवर मध्यरात्री उभी राहिले, विमानाचा मार्ग आखणाऱ्यांना भेटले, निवृत्त वैमानिकांशी बोलले, लेकीकडे निघालेल्या आईवडिलांना बॅगा भरताना पाहिलं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. अंतर भूगोलाने ठरवलेलं असतं. वेळ मात्र वारा, वजन आणि खालच्या देशांची मर्जी यांवर ठरते. ही तिन्ही रोज बदलतात.

गोलावर ताणलेला दोरा

शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून न्यूयॉर्कला रेघ मारली तर ती अरबी समुद्र, आफ्रिकेचा वरचा भाग आणि अटलांटिक अशी जाते. हा नकाशा फसवा आहे. पृथ्वीचा गोल घ्या, दोऱ्याचं एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर धरून ताणा. दोरा पश्चिमेला जात नाही, उत्तरेला चढतो. मुंबईतून निघताना त्याची दिशा वायव्येपेक्षाही उत्तरेकडे जास्त झुकलेली असते.

या दोऱ्याखाली येणारे देश ओळीने पाहिले तर नवल वाटतं. कच्छ ओलांडला की सिंध, मग अफगाणिस्तानचा दक्षिण भाग, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशियातला व्होल्गेचा प्रदेश, सेंट पीटर्सबर्गचा परिसर, हेलसिंकीच्या जवळून फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक आणि मग कॅनडावरून खाली न्यूयॉर्क. आइसलँडच्या आसपास हा दोरा साधारण ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत पोचतो. त्याची लांबी सुमारे १२,५४० किलोमीटर भरते, म्हणजे पृथ्वीच्या परिघाच्या जवळजवळ एक तृतीयांश.

आजची मोठी प्रवासी विमानं उंचावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतात. भागाकार केला तर चौदा तास येतात. वाराच नसता, सीमा नसत्या, धावपट्टीवर रांग नसती, तर उत्तर चौदा तास एवढंच राहिलं असतं. प्रत्यक्षात मुंबईहून जाताना थेट विमानाला साधारण पंधरा ते सतरा तास लागतात आणि येताना त्याहून तास-दीड तास कमी.

थेट विमान सोडून वाटेत थांबणारं विमान घेतलं तर अंतर फारसं वाढत नाही, हेही पाहण्यासारखं आहे. दुबईमार्गे गेलं तरी सगळे मिळून तेरा हजार किलोमीटरच्या आतच होतात. लंडन किंवा फ्रँकफर्टमार्गे गेलं तर थेट वाटेपेक्षा जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त. वीस, बावीस, सव्वीस तास होतात ते मधल्या विमानतळावरच्या बाकांवर बसून.

रात्री दोनच्या सुमारास

सहारच्या टर्मिनल दोनवर रात्री अकरा ते तीन ही खरी वर्दळीची वेळ. शहर झोपायला लागतं तेव्हा इथे गाड्यांची रांग लागते. अमेरिका-युरोपची विमानं मध्यरात्रीनंतरच का निघतात, यालाही कारणं आहेत. युरोपातल्या बऱ्याच मोठ्या विमानतळांवर रात्री विमानं उतरवायला निर्बंध असतात, म्हणून पहाटेनंतर तिथे पोचेल असं निघावं लागतं. पुढची जोड विमानं सकाळी मिळतात. शिवाय रात्रीची हवा तुलनेने थंड आणि दाट असते; इंधनाने गच्च भरलेल्या विमानाला उचलायला तिची मदत होते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरूनच वाहतूक चालते. दिवसाला नऊशेहून अधिक विमानांची ये-जा अशा रीतीने होते. विमान दारापासून सुटलं तरी उड्डाणासाठी ओळीत उभं राहतं, आणि ती मिनिटंही प्रवाशाच्या तासांत धरली जातात.

काउंटरजवळ डोंबिवलीचं एक जोडपं होतं. न्यू जर्सीत लेकीचं बाळंतपण. मोठ्या बॅगेची मर्यादा २३ किलो आणि काट्यावर आकडा २४.६. काकांनी तिथेच जमिनीवर बॅग उघडली. वर डिंकाच्या लाडवांचा डबा, त्याखाली मऊ जुन्या साड्यांची दुपटी, भाजणी, गोडा मसाला, बाळाच्या धुरीसाठी ओवा-शेपाची पुरचुंडी. काय काढायचं यावर दोघांचं एकमत होईना. शेवटी भाजणीची पिशवी काकांच्या हातबॅगेत गेली आणि त्यांची पुस्तकं सोडायला आलेल्या पुतण्याकडे परत द्यायची ठरली. पण पुतण्या बाहेर. तिकीट नसलेल्याला आत येता येत नाही. मग काचेपर्यंत जाऊन, दारावरच्या जवानाला विनवून ती पुस्तकं बाहेर पोचवली. काकूंच्या पर्समध्ये लेकीने मोबाइलवर पाठवलेलं आणि त्यांनी स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतलेलं एक कागदाचं पान होतं. घरचा पत्ता, दोन फोन नंबर, अधिकाऱ्याने काय विचारलं तर काय सांगायचं, आणि सर्वात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: ‘दर दोन तासांनी उठून चालणे.’

विमान दोनला निघालं तर न्यूयॉर्कला त्याच तारखेला सकाळी साडेसात-आठला उतरतं. घड्याळ म्हणतं साडेपाच तास झाले. शरीर म्हणतं पंधरा. न्यूयॉर्क आपल्यामागे उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास असतं, कारण अमेरिकेत मार्चमध्ये घड्याळ पुढे करतात आणि नोव्हेंबरमध्ये मागे. डिसेंबरात या विमानाचा जवळजवळ सगळा प्रवास अंधारात होतो. सूर्य मागून येत असतो, पण विमान पश्चिमेला पळत असल्याने तो गाठत नाही. एवढी लांब रात्र जमिनीवर राहणाऱ्या मुंबईकराच्या वाट्याला कधीच येत नाही.

समोरून येणारा वारा

‘पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला हवं ना?’ हा प्रश्न मला या कामात कितीतरी जणांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. पृथ्वीबरोबर तिच्यावरची हवाही फिरते आणि विमान त्या हवेत उडतं, म्हणून नुसत्या फिरण्याचा फायदा मिळत नाही. उलट तोटाच होतो. विषुववृत्ताकडची तापलेली हवा वर जाऊन ध्रुवांकडे सरकते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकं विमानं उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वाऱ्याचे अरुंद, वेगवान पट्टे तयार होतात. हेच जेट स्ट्रीम. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर सहज जातो.

या वाऱ्यांचा पद्धतशीर शोध जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून घेतला होता. जगभर वाचलं जावं म्हणून त्यांनी तो अहवाल एस्परांतो या कृत्रिम जागतिक भाषेत छापला, आणि त्यामुळेच तो फारसा कुणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकवर उंच उडणाऱ्या अमेरिकन वैमानिकांना हे वारे प्रत्यक्ष भेटले तेव्हा जगाला त्यांची दखल घ्यावी लागली. आपल्या डोक्यावरची गोष्ट आणखी निराळी. पावसाळ्यात भारतीय द्वीपकल्पावर, जेट विमानांच्याही वर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा वेगवान प्रवाह असतो. तो १९५० च्या दशकात पी. कोटेश्वरम या भारतीय हवामानशास्त्रज्ञांनी दाखवून दिला. तेवढा पट्टा सोडला तर न्यूयॉर्कपर्यंत बहुतेक वाट पश्चिमेच्या वाऱ्याशी झुंजत कापावी लागते.

साधं गणित करा. सरासरी ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून असेल तर ९०० चे ८५० होतात आणि प्रवास पावणेपंधरा तासांचा होतो. तोच वारा पाठीशी असेल तर ९५० होतात आणि सव्वातेरा तास पुरतात. जाण्या-येण्यातला दीड तासाचा फरक इथून येतो. वारा पाठीशी लागला तर काय होतं याचं टोकाचं उदाहरण फेब्रुवारी २०२० मध्ये दिसलं. अटलांटिकवर वादळ घोंघावत असताना न्यूयॉर्कहून निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं जम्बो जेट ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. एरवी याच पल्ल्याला सहा-साडेसहा तास लागतात.

खालच्या देशांची मर्जी

वाऱ्याचा अंदाज बांधता येतो. खालच्या देशांचा बांधता येत नाही. ७ डिसेंबर १९४४ ला शिकागोत जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या पहिल्याच कलमात प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरच्या आकाशाचं पूर्ण सार्वभौमत्व दिलेलं आहे. वरून जायचं तर परवानगी हवी, आणि बहुतेक ठिकाणी त्याचे पैसेही मोजावे लागतात.

मार्ग आखणाऱ्यांना विमान कंपन्यांत डिस्पॅचर म्हणतात. अंधेरीतल्या एका ऑपरेशन्स कक्षात मी एका डिस्पॅचरच्या शेजारी बसून त्यांचं काम पाहिलं. समोर तीन पडदे. एकावर वाऱ्याचे रंगीत पट्टे, दुसऱ्यावर मार्गाची रेषा, तिसऱ्यावर नोटॅम, म्हणजे जगभरच्या विमानतळांकडून आणि देशांकडून येणाऱ्या सूचना. अमुक धावपट्टीचे दिवे बंद आहेत, तमुक भागात क्षेपणास्त्र चाचणी आहे, या देशाचं आकाश अमुक तारखेपर्यंत बंद. ओळीमागून ओळी, आणि त्यातली एकही नजरेतून सुटून चालत नाही. संगणक त्याच दोन शहरांमधले अनेक मार्ग काढून देतो आणि प्रत्येकाचा वेळ, इंधन, शुल्क मांडतो. सर्वात जवळची वाट क्वचितच स्वस्त निघते, आणि स्वस्त वाट पुष्कळदा मोकळी नसते.

गोलावरच्या त्या दोऱ्याकडे पुन्हा पाहा. पहिलाच परका देश पाकिस्तान. २६ फेब्रुवारी २०१९ च्या बालाकोट हल्ल्यानंतर त्याचं आकाश बंद झालं ते जुलैच्या मध्यापर्यंत. त्या काळात एअर इंडियाला २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचं सरकारने राज्यसभेत सांगितलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ पासून ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं आणि पुढे महिन्यामहिन्याने बंदी वाढवली जात राहिली. आपणही आपलं आकाश त्यांच्या विमानांना बंद केलं. दुसरा देश अफगाणिस्तान; ऑगस्ट २०२१ नंतर तिथे वाहतूक नियंत्रणाची व्यवस्थाच कोलमडली. पुढे रशिया, युक्रेनवरच्या आक्रमणानंतर २०२२ पासून तो अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे, भारतीय कंपन्यांना मात्र खुला. म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये कुठल्या देशाच्या कंपनीने आपण जातो यावर वाट बदलते आणि वाटेबरोबर तासही.

दिल्लीपेक्षा मुंबई यात थोडी सुदैवी आहे. दिल्लीहून निघालेल्या विमानाला पाकिस्तान टाळायला आधी दक्षिणेकडे खाली यावं लागतं. मुंबईला समुद्र दाराशी आहे. ओमानकडे तोंड करून विमान अरबी समुद्रावर निघतं, मग आखात, पुढे इराण-इराक किंवा सौदी अरेबिया, तुर्कस्तान, युरोप. पण ही वाटही निर्धोक नाही. १३ जून २०२५ ला इस्रायलने इराणवर हल्ले केले आणि इराणचं आकाश एकाएकी बंद झालं. त्या दिवशी मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेलं एअर इंडियाचं विमान मुंबईलाच परत फिरवावं लागलं आणि न्यूयॉर्कहून मुंबईला येणारं जेद्दाला उतरवावं लागलं. मुंबईहून निघालेले प्रवासी कित्येक तास हवेत काढून निघाले त्याच गावी पोचले. त्यांना कुणी विचारलं असतं किती तास लागतात, तर त्यांनी काय सांगितलं असतं?

मला यात सर्वात खटकतं ते हे, की या भांडणांशी काडीचा संबंध नसलेली माणसं त्याची किंमत देतात. वाढलेल्या इंधनाचे पैसे तिकिटात येतात आणि वाढलेले तास म्हाताऱ्या गुडघ्यांत. आकाश बंद करताना कुठल्याही सरकारच्या हिशेबात हे नसतं.

इंधन वाहून नेण्यासाठी इंधन

या पल्ल्यावर वापरलं जाणारं बोइंग ७७७-३०० ईआर पूर्ण भरून उडतं तेव्हा त्याचं वजन जास्तीत जास्त साडेतीनशे टनांच्या आसपास असू शकतं. त्यातला एक तृतीयांशाच्या आसपास भाग नुसत्या इंधनाचा असतो. हे विमान तासाला साधारण सात-आठ टन इंधन जाळतं. शिवाय जास्तीचं प्रत्येक टन इंधन वर न्यायचं तर त्यातलं दर तासाला तीन-चार टक्के ते इंधनच वाहण्यात खर्च होतं. पंधरा तासांच्या प्रवासात शेवटच्या टप्प्यासाठी राखलेलं इंधन पोचवायलाच कितीतरी इंधन लागतं.

म्हणून अर्ध्या तासाचा वळसा दिसतो तितका लहान नसतो. त्यासाठी पाचएक टन जास्तीचं इंधन भरावं लागतं, आणि वजनाची मर्यादा तर तीच राहते. मग काहीतरी खाली ठेवावं लागतं: आधी माल, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर माणसं. पाच टन म्हणजे सामानासकट पन्नासएक प्रवासी. विमानात जागा रिकाम्या दिसत असूनही ‘फुल’ सांगतात तेव्हा त्यामागे कधी कधी हे गणित असतं. वळसा फारच वाढला तर वाटेत उतरून इंधन भरावं लागतं. २०२५ च्या बंदीनंतर दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं व्हिएन्नासारख्या शहरांत अशी थांबू लागली. नुसता दीड-दोन तासांचा थांबा म्हटला तरी वैमानिकांच्या कामाच्या तासांची कायद्याने मर्यादा आहे, त्यामुळे तिथे नवी तुकडी उभी ठेवावी लागते.

थेट विमानात चार वैमानिक असतात. दोघे चालवतात, दोघे झोपतात. ७७७ मध्ये त्यांच्यासाठी प्रवाशांच्या डोक्यावर, छताच्या पोकळीत, अरुंद बिछाने असतात. बहुतेक प्रवाशांना याची कल्पनाही नसते. पार्ल्यात राहणाऱ्या एका निवृत्त कमांडरांनी सांगितलं की उतरण्याची पाळी ज्यांची असते त्यांना आधी झोपवतात की नंतर, यावर कॉकपिटात नेहमी गांभीर्याने बोलणं होतं, कारण शेवटचा अर्धा तास सर्वात जोखमीचा आणि तो सोळाव्या तासाला येतो.

गळत गेलेले थांबे

१८८३ च्या ७ एप्रिलला कल्याणच्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठ्ठावन्न दिवस. अठरा वर्षांची मुलगी, बरोबर घरचं कुणी नाही. त्यांना उतरवून घ्यायला आलेल्या, त्यांच्या अमेरिकन यजमानीण कार्पेंटरबाईंचं घर न्यू जर्सीतल्या रोझेल गावी होतं. आज मराठी आईवडील ज्या न्यूअर्क विमानतळावर उतरतात, तिथून रोझेल फार तर अर्ध्या तासाच्या मोटारीवर आहे.

हवेतून जायला लागल्यावरही सुरुवातीला थांबे होतेच. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला निघालं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. मे १९६० मध्ये बोइंग ७०७ आल्यावर लंडनच्या पुढे न्यूयॉर्कपर्यंत सेवा गेली. वाटेत थांबे होतेच. त्या काळातल्या प्रवाशांच्या आठवणींत बैरुत, जिनिव्हा ही नावं हमखास येतात.

लक्षात घ्यायची गोष्ट अशी की १९६० मधलं ७०७ उंचावर जवळपास आजच्याच वेगाने उडत होतं. साठ वर्षांत प्रवासी विमानाचा वेग वाढलेला नाही. वेळ वाचला तो थांबे गळाल्यामुळे, म्हणजे इंजिनं कमी इंधनात जास्त लांब जाऊ लागल्यामुळे. १ ऑगस्ट २००७ ला एअर इंडियाने मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा सेवा सुरू केली तेव्हा तिच्या विमानांचा हा प्रवास पहिल्यांदा एका दमाचा झाला. आता वळशांमुळे पुन्हा थांब्यांची भाषा ऐकू येते, हे मागे जाणं आहे.

अटलांटिकवरचे अदृश्य रस्ते

आयर्लंड सोडलं की खाली रडार नाही, गाव नाही, दिवा नाही. तरीही इथे रोज शेकडो विमानं जातात आणि ती ठरलेल्या वाटांवरून जातात. या वाटा कायमच्या नाहीत. स्कॉटलंडमधलं केंद्र, ज्याला शॅनविक म्हणतात, आणि कॅनडाच्या न्यूफाउंडलँडमधलं गँडर, ही दोघं मिळून वाऱ्याचा अंदाज पाहून दिवसातून दोनदा त्या नव्याने आखतात. दिवसा पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी, रात्री पूर्वेला येणाऱ्यांसाठी. पूर्वेच्या वाटा जेट स्ट्रीमवर नेऊन बसवतात, पश्चिमेच्या त्याला चुकवून. २०१९ पासून विमानांचा ठावठिकाणा उपग्रहांवरून कळू लागला, तेव्हा दोन विमानांमधलं सुरक्षित अंतर कमी करता आलं आणि हव्या त्या उंचीवर जाणं सोपं झालं.

दोन इंजिनांच्या विमानाला आणखी एक नियम लागतो. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या इंजिनावर ठरावीक मिनिटांत पोचता येईल असा विमानतळ वाटेत सतत हाताशी हवा. पूर्वी ही मर्यादा साठ मिनिटांची होती, म्हणून महासागरावर चार किंवा तीन इंजिनांची विमानंच जात. १९८५ मध्ये ती १२० मिनिटांवर गेली, पुढे तीन तास आणि त्याहूनही जास्त. आइसलँडचं केफ्लाविक, कॅनडाचं गूज बे ही नावं म्हणून डिस्पॅचरच्या प्रत्येक कागदावर असतात. बहुतेक प्रवाशांना ती कधीच कळत नाहीत, आणि न कळणंच बरं.

हापूसचे तास

तासांची किंमत पुणे-मुंबईच्या बाजारात सर्वात स्पष्ट दिसते ती आंब्यात. अठरा वर्षं अमेरिकेने भारतीय आंबा येऊ दिला नव्हता, फळातल्या किडीच्या भीतीने. एप्रिल २००७ मध्ये तो पहिल्यांदा न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरला. त्याआधी त्याला नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या विकिरण केंद्रातून जावं लागलं, जे मुळात कांद्यासाठी उभारलं होतं. आता वाशीलाही असं केंद्र आहे. हंगामात तिथे पेट्या येतात, फळं निवडून गरम पाण्यातून काढली जातात, मग विकिरण, मग थेट विमानतळ. झाडावरून उतरल्यापासून प्रत्येक तास मोजला जातो, कारण हापूस कुणासाठी थांबत नाही. विमानभाड्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या दुकानात त्याचा भाव असा होतो की घेणारा डझनाऐवजी फळं मोजून घेतो. २०२२ मध्ये समुद्रमार्गे पाठवण्याचा प्रयोग झाला, जवळपास पंचवीस दिवसांचा. तो पल्ला फळाने निभावला तर भाव बराच उतरेल. वाशीतले व्यापारी त्याकडे डोळे लावून आहेत.

वळसा पडल्यावर विमानातून आधी माल उतरवतात असं वर लिहिलं. त्या मालात या पेट्याही असू शकतात.

सत्तरीतले प्रवासी

या मार्गावरच्या विमानांत साठीच्या पुढचे प्रवासी डोळ्यांत भरतील इतके असतात. व्हीलचेअर मागणाऱ्यांची रांग पाहून काही जण नाकं मुरडतात. मी त्या रांगेतल्या माणसांशी बोलले. पुष्कळांचे पाय ठीक होते. भीती होती ती मधल्या विमानतळावर हरवण्याची, इंग्रजीतल्या प्रश्नांची, पुढचं विमान चुकण्याची. व्हीलचेअर ढकलणारा माणूस हा त्यांचा दुभाषा असतो आणि वाटाड्याही. विमान कंपन्यांनी नुसती सोबत देण्याची सोय स्वतंत्रपणे, धडपणे केली तर खुर्च्या खऱ्या गरजवंतांना मिळतील. ती मागणी आपण करायला हवी.

सोळा तासांत शरीरावर काय होतं हे डॉक्टरांना पाठ आहे. विमानातली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या डोंगरावर असावी तशी विरळ आणि फार कोरडी असते. पाय लोंबकळत राहिल्याने रक्त साकळण्याचा धोका वाढतो. मधुमेह असेल तर इन्शुलिनच्या वेळा घड्याळ साडेनऊ तास मागे गेल्यावर कशा धरायच्या, हा प्रश्न निघायच्या आदल्या रात्री विचारण्याचा नाही. आणि शरीराचं आतलं घड्याळ दिवसाला साधारण तासाभरानेच सरकतं, म्हणजे पुरतं जुळायला आठवडा उलटतो.

म्हणून आईवडिलांचं तिकीट काढणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगायचं आहे. पडद्यावर भाडं पाहण्याआधी दारापासून दारापर्यंतचे तास पाहा. पाचदहा हजार रुपये वाचवण्यासाठी त्यांना मधल्या विमानतळावर सात-आठ तास बसवू नका. परवडत असेल तर थेट विमान घ्या, कडेची जागा आधीच राखून ठेवा. थांबा घ्यावाच लागला तर तो तीन-चार तासांचा असू द्या. त्याहून कमी असला तर त्यांची धावपळ होते. औषधं चिठ्ठीसकट हातबॅगेत ठेवायला सांगा. पायमोजे, इन्शुलिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांबद्दल निघण्याच्या पंधरा दिवस आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला. निघायच्या आदल्या दिवशी मार्गावरच्या देशांच्या बातम्या पाहा आणि विमान कंपनीकडे तुमचा फोन नंबर नोंदवलेला आहे ना, याची खात्री करा. आणि ते पोचल्यावर पहिले चार-पाच दिवस त्यांना कुठेही फिरायला नेऊ नका, झोपू द्या.